एक टिंब

समुद्रावर रस्ता नसतो, ही साधी गोष्ट आम्हांला वयाची चाळिशी उलटल्यावर कळली. आमचे बालपण केळीच्या वाडीत गेले. समुद्र म्हणजे सुटीत पाहावयाची गोष्ट, एवढीच आमची समजूत. पुढे सेमिनरीत तत्त्वज्ञान झाले, ईशज्ञान झाले, थोडीफार लॅटिनही झाली. परंतु अंधाऱ्या रात्री आठ-दहा मैलांवरून माणूस आपले बंदर कसा शोधतो, हे तेथे कोणी शिकविले नाही. २०११ साली वसईच्या किनाऱ्यावरील एका कोळी वस्तीच्या धर्मग्रामात आमची नेमणूक झाली, तेव्हा हे अज्ञान घेऊनच आम्ही तेथे गेलो.

वास्तविक आम्हांला त्याचे थोडे तरी भान असावयास हवे होते. प्रेषितांच्या कृत्यांतील सत्ताविसावा अध्याय आम्ही कितीदा तरी वाचला होता. संत पौलाचे जहाज वादळात सापडते, खलाशी रात्री बुडीद टाकून पाणी मोजतात, आधी वीस वाव लागते, मग पंधरा. उजाडल्यावर जमीन दिसते, पण ती कोणती हे कोणालाच ओळखता येत नाही. आम्ही या अध्यायावर प्रवचनेही केली होती. त्यात श्रद्धेविषयी पुष्कळ बोललो. वीस आणि पंधरा या आकड्यांकडे मात्र आमचे लक्ष गेले नव्हते. कोळ्यांचे गेले असते.

आमच्या त्या वस्तीतील जुने तांडेल खुणांवर चालत. पद्धत अशी, की किनाऱ्यावरची एक जवळची आणि एक दूरची वस्तू एकमेकींवर आणावयाची. देवळाच्या मनोऱ्याचे टोक मागच्या डोंगरातील खिंडीत नेमके बसले की एक रेघ मिळाली. दक्षिणेकडे किल्ल्याच्या तटाचे टोक ताडांच्या झुंडीवर आले की दुसरी रेघ. या दोन रेघा जेथे एकमेकींना छेदतात, तेथे आपली बोट. भूमितीचे पुस्तक न उघडता केलेली ही भूमिती अचूक असे. तिचे वैगुण्य एकच. रात्री, धुक्यात आणि पावसाच्या झडीत मनोराही दिसत नाही आणि डोंगरही दिसत नाही.

हे वैगुण्य हातात मावणाऱ्या जीपीएस यंत्राने दूर केले. आम्ही गेलो तेव्हा ते बहुतेक बोटींवर पोहोचलेले होते. दोन पेन्सिल सेलवर चालणारे, पाण्यात पडले तरी तरंगणारे, जाडजूड बटनांचे ते यंत्र तांडेलाच्या गळ्यात दोरीने अडकविलेले असे. त्याची करामत थोडक्यात सांगावयाची तर अशी : पृथ्वीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून अमेरिकेचे उपग्रह फिरत असतात. ते कमीत कमी चोवीस असावे लागतात. प्रत्येक उपग्रह अखंडपणे एवढेच सांगत असतो की, मी अमुक ठिकाणी आहे आणि आता अमुक वेळ झाली आहे. तो संदेश पोहोचण्यास लागलेल्या वेळावरून यंत्र अंतर काढते, आणि चार उपग्रहांची अंतरे मिळाली की आपले स्थान सांगते. मूळ व्यवस्था सैन्यासाठी होती. १ सप्टेंबर १९८३ रोजी मार्ग चुकलेले कोरियन प्रवासी विमान सोव्हिएत लढाऊ विमानाने पाडले, त्यात २६९ माणसे गेली. त्यानंतर ही सेवा सर्वांना खुली करण्याची घोषणा अमेरिकेच्या अध्यक्षांनी केली. तरी नागरिकांना मिळणाऱ्या संकेतात मुद्दाम भेसळ ठेवलेली होती. तिच्यामुळे शंभर मीटरपर्यंत फरक पडे. मे २००० मध्ये ती भेसळ बंद झाली आणि यंत्र कोळ्यांच्या खऱ्या कामाचे झाले. शंभर मीटरचा फरक म्हणजे खडकाच्या अलीकडे की पलीकडे, एवढा मोठा प्रश्न असतो.

आम्हांला त्यातील घड्याळांचे विशेष नवल वाटे. एका सेकंदाच्या दशलक्षांश भागाची चूक झाली तर जमिनीवर तीनशे मीटरचा फरक पडतो. आईनस्टाईनच्या सिद्धांताप्रमाणे उपग्रहावरचे घड्याळ आपल्या घड्याळापेक्षा दिवसाला अडतीस दशलक्षांश सेकंद पुढे धावते, आणि तेवढा हिशेब आधीच करून ठेवलेला असतो. तो केला नसता तर एका दिवसात किलोमीटरांनी चूक साचली असती. हे आम्ही तरुणांच्या मेळाव्यात मोठ्या उत्साहाने सांगत असू. पुढे जे घडले ते पाहता त्या उत्साहाची आज आम्हांला लाज वाटते.

यंत्रावर साठविलेल्या जागेला आमचे कोळी ‘पॉइंट’ म्हणत. ज्या खडकाभोवती घोळ मिळतो, जेथे बुडालेल्या जहाजाचा सांगाडा आहे, जेथे डोलीच्या जाळ्यासाठी आपली कव ठोकलेली आहे, ते सारे पॉइंट. ते घरचे धन होते. दुसऱ्या बोटीचा माणूस जवळ आला की तांडेल नकळत पडद्यावर तळहात ठेवी. कवींच्या जागांवरून किनाऱ्यावरील गावागावांत किती जुने वाद आहेत, हे वसई-पालघरच्या वाचकांस सांगावयास नको. तेव्हा कोणी कोणाला पॉइंट देणे ही सोपी गोष्ट नव्हती.

आणि येथेच आम्हांला एक कल्पना सुचली. मासळीच्या जागा कोणी सांगू नयेत. परंतु धोक्याच्या जागा तरी सर्वांच्या असाव्यात. जुने तांडेल एकेक करून जात होते. त्यांच्याबरोबर बुडीत खडकांची माहितीही आमच्या दफनभूमीत जात होती. आम्ही बंदरावर बैठक घेतली, आठ-दहा घरी जाऊन बसलो, आणि सतरा जागा मिळविल्या. बहुतेक आकडे यंत्राच्या पडद्यावरून उतरवून घेतले. एका वृद्ध तांडेलाने मात्र आपली डायरी पुढे केली. तिच्यात तीन खडक होते, तेही इतर कोणाकडे न मिळालेले. २०१३ च्या पावसाळ्यात, बोटींना आशीर्वाद देण्याच्या दिवशी, आम्ही या सतरा जागांचा छापील तक्ता वाटला. कागदावर आमची सही होती.

आता थोडे गणित सांगणे भाग आहे. अक्षांश-रेखांश दोन तऱ्हांनी लिहितात. शाळेत शिकविलेली तऱ्हा म्हणजे अंश, मिनिटे आणि सेकंद. दुसरी तऱ्हा अंश आणि मिनिटे, व पुढे मिनिटाचे दशांश. कोळ्यांची यंत्रे दुसऱ्या तऱ्हेवर लावलेली असत. आम्हांला पहिली तऱ्हा अधिक शास्त्रीय वाटली, म्हणून पडद्यावरचे दशांश साठाने गुणून सेकंद काढले आणि तक्ता नीटनेटका केला. डायरीतील एका खडकापुढे मिनिटांच्या जागी ‘२१-४५’ असे लिहिलेले होते. ते आम्ही एकवीस मिनिटे पंचेचाळीस सेकंद असे वाचले. रेखांशात ‘४४-३०’ होते, ते चव्वेचाळीस मिनिटे तीस सेकंद झाले. गुणण्याचे कारणच दिसले नाही. (खडकाचा पुरता पत्ता येथे देत नाही, तो त्या घराचा आहे.)

नोव्हेंबरात, रविवारच्या पहाटेच्या मिस्सेआधी, सहायक धर्मगुरूंनी आमचे दार ठोठावले. एक बोट खडकावर चढली होती.

ती बोट एका तरुण नाखव्याची होती. शिकलेला मुलगा, कारखान्यातील नोकरी सोडून, वडील वारल्यावर बोटीवर आलेला. वडिलांचे यंत्र होते, पण बंदीच्या महिन्यांत आतले सेल पाझरून ते कायमचे बंद पडले होते. त्याने नवे यंत्र घेतले आणि पॉइंट भरण्यास आमचा तक्ता समोर ठेवला. इतरांनी तो तक्ता घरात खिळ्याला अडकवून ठेवला होता, कारण त्यांना खडक ठाऊकच होते. याने मात्र तक्त्यात सेकंद आहेत हे पाहून यंत्र सेकंदांवर लावले आणि सतराही जागा अगदी काळजीपूर्वक भरल्या. त्या पहाटे ओहोटी होती, काळोख होता. पडद्यावर जेथे खडक दिसत होता, त्याच्या नैर्ऋत्येकडून चांगले अर्ध्या किलोमीटरहून अधिक अंतर राखून तो येत होता. खडक तेथेच होता.

बोटीचा तळ फाटला. पाच माणसे होती. वायरलेसवर त्याने एवढेच सांगितले की, आम्ही खडकावर आहोत, पाणी भरत आहे. तो आवाज ऐकला डायरीवाल्या वृद्ध तांडेलाच्या बोटीने. त्या भागात खडक एकच होता, तेव्हा त्याला कोणी आकडे सांगण्याची गरजच पडली नाही. त्याने आपल्या यंत्रावरचा पॉइंट काढला, ‘गो टू’चे बटन दाबले आणि काळोखात सरळ तेथे गेला. पाचही जण फळ्यांना आणि डब्यांना धरून होते. एकाचा गुडघा मोडला होता. बोट, इंजिन आणि जाळी गेली. बोटीवर कर्ज होते, ते मात्र राहिले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो तरुण आमच्याकडे आला. हातात यंत्र, आणि घडी पडलेला आमचा तक्ता. तो म्हणाला, “फादर, मी भरताना कुठे चुकलो ते जरा बघा. मला सापडत नाही.”

तो तक्रार घेऊन आला असता तर बरे झाले असते, असे आम्हांला आजही वाटते.

आम्ही त्याला चहा दिला आणि आकडे पडताळू लागलो. त्याने एकही आकडा चुकविला नव्हता. तो गेल्यावर आम्ही रात्री पुस्तके काढून बसलो, आणि खरे सांगावयाचे तर चूक नव्हे, सबब शोधत होतो. एक सापडलीही. भारताचे जुने सर्वेक्षण-नकाशे एव्हरेस्टच्या मापनावर आधारलेले आहेत, तर जीपीएस यंत्रे डब्ल्यूजीएस-८४ नावाच्या दुसऱ्या पायावर चालतात. त्यामुळे एकाच जागेचे आकडे दोन्हींत थोडे वेगळे येतात. ही चूक तशीच असावी, तिला कोणीच जबाबदार नसावे, असे आम्हांला फार वाटले. परंतु डायरीतील आकडे नकाशावरून आलेलेच नव्हते. सकाळी मिस्सा आटोपून आम्ही तांडेलाच्या घरी गेलो आणि त्याचे यंत्र पाहिले. पडद्यावर होते २१.४५०. एकवीस मिनिटे आणि पुढे मिनिटाचे पंचेचाळीस शतांश, म्हणजे सत्तावीस सेकंद. आम्ही लिहिले होते पंचेचाळीस. खडक उत्तरेला साडेपाचशे मीटर आणि पूर्वेला साडेतीनशे मीटर सरकला होता. सरळ रेषेत साडेसहाशे मीटर. डायरीतील उरलेल्या दोन खडकांचीही तीच गत. तिन्ही ठिकाणचे आकडे योगायोगाने साठाच्या आतले होते. एखादा जरी सत्तर-ऐंशी असता, तरी सेकंद साठाच्या वर कसे, असा प्रश्न आम्हांला पडला असता.

आम्ही विचारले, “बाबा, तुम्ही टिंब का दिले नाही? रेघ का ओढली?”

तो म्हणाला, “फादर, बोटीवर वही भिजते. टिंब पुसलं जातं, नाहीतर माशी बसून नवीन टिंब होतं. रेघ राहते. मला माहीत आहे ना, ते टिंब आहे म्हणून.”

त्याला माहीत होते. आम्ही त्याला विचारले नव्हते, एवढेच. त्याच्या घरी दोन वेळा चहा घेतला, डायरी उतरवून घेतली, परंतु शेजारी ठेवलेले यंत्र सुरू करून दोन्ही आकडे ताडून पाहावेत असे सुचले नाही. आकाशातील घड्याळांचा दशलक्षांश सेकंदांचा हिशेब आम्ही मुलांना समजावून सांगत होतो!

पुढच्या रविवारी सूचनांच्या वेळी आम्ही वेदीपाशी उभे राहून तक्त्यातील तीन चुका आकड्यांसह वाचून दाखविल्या. चूक आमची आहे, ज्याने तक्ता जसाच्या तसा मानला त्याची नाही, असे सांगितले. तक्ते परत मागविले. देवळात कोणी काही बोलले नाही. बाहेर आल्यावर काहींनी समजूत घातली, काहींनी घातली नाही. त्या तरुणाची आई दर रविवारी येत असे. परंतु ख्रिस्तप्रसादासाठी ती आमच्या रांगेत न येता सहायक धर्मगुरूंच्या रांगेत जाई. जवळजवळ वर्षभर हे चालले. आम्ही तिला त्याबद्दल कधी विचारले नाही. तो तिचा अधिकार होता. मच्छीमारांनी वर्गणी काढली, आमच्याजवळ होते ते आम्ही दिले. तरी नवी बोट २०१७ साली पाण्यात उतरेपर्यंत तो मुलगा दुसऱ्यांच्या बोटींवर खलाशी म्हणून गेला. मोडलेल्या गुडघ्याचा खलाशी पुन्हा समुद्रावर गेला नाही.

या सगळ्यात आमच्या मनात यंत्राबद्दल अढी बसली असती तर नवल नव्हते. पण तसे झाले नाही, आणि ते होऊ न देण्याचे श्रेय त्या तांडेलाचे. त्याच सुमारास देवळाच्या मनोऱ्याला तडे गेले होते. दुरुस्तीपेक्षा तो उतरवून घ्यावा, असा धर्मग्राम परिषदेत सूर होता. तांडेल येऊन म्हणाला, “पाडण्याआधी एकदा माझ्याबरोबर बोटीवर या.” एका स्वच्छ सकाळी आम्ही गेलो. त्याने यंत्र आमच्या हाती दिले आणि स्वतः किनाऱ्याकडे पाहत सुकाणू धरले. मनोऱ्याचे टोक हळूहळू खिंडीत सरकले, तटाचे टोक ताडांवर आले. त्याने इंजिन बंद केले. आमच्या हातातील पडद्यावर खडक तीस मीटरवर दाखवीत होता. खाली पाणी किंचित वेगळ्या रंगाचे होते.

तेथेच आम्ही आणखी दोन गोष्टी शिकलो. बोट थांबताच पडद्यावरचा बाण भरकटू लागला. आम्ही यंत्र बिघडले असे समजलो. तांडेल हसला. त्या साध्या यंत्राला दिशा कळते ती चालल्यावरच. आधीची जागा आणि आताची जागा यांवरून ते दिशा काढते. उभ्या माणसाला ते कोठे आहेस हे सांगेल, तोंड कोणीकडे आहे हे सांगणार नाही. दुसरी गोष्ट म्हणजे, ‘गो टू’ची रेघ नेहमी सरळ असते. मध्ये वाळूचा पट्टा असो की खडक असो, यंत्र त्यावरूनच बोट दाखवील. म्हणून खाडीच्या तोंडातून शिरताना जाणते तांडेल ती रेघ धरीत नाहीत. जाताना उमटलेला आपला माग पडद्यावर ठेवतात आणि त्यावरूनच परत येतात. तो म्हणाला, “रात्रीचं यंत्र, दिवसाचा मनोरा. दोन्ही जुळतात तेव्हा मी निवांत असतो.”

मनोरा राहिला. वाडीकडच्या काही मंडळींना हा खर्च पटला नाही, आणि उपग्रहांच्या काळात चुन्याच्या मनोऱ्याचे काय काम, असे त्यांनी आम्हांला तोंडावर विचारलेही. त्यांचे म्हणणे अगदीच चूक होते असे नाही. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे पंतप्रधानांच्या हस्ते मासेमारी नौकांवर एक लाख ट्रान्सपाँडर बसविण्याच्या योजनेचा प्रारंभ झाला. आता संकटाची हाक उपग्रहामार्फत किनाऱ्यापर्यंत पोहोचविता येते. हैदराबादच्या ‘इन्कॉइस’ संस्थेकडून मासळी कोठे मिळण्याचा संभव आहे त्याचे अक्षांश-रेखांश येतात. मात्र ते आकडे कोणी तरी वाचतो, कोणी तरी वायरलेसवर सांगतो आणि कोणी तरी भरतो.

नवा तक्ता आम्ही तांडेलाला शेजारी बसवून केला. आकडे यंत्रावर जसे दिसतात तसेच लिहिले, टिंब लाल शाईने आणि वाटाण्याएवढे मोठे छापले, कोणत्या तऱ्हेचे आकडे आहेत ते वर ठळक लिहिले. आणि प्रत्येक खडकापुढे त्याच्या दोन खुणाही घातल्या, मनोरा-खिंड, तट-ताड, अशा. सही या वेळी तांडेलाची घेतली. आमची खाली, लहान अक्षरात.

२०१८ साली आमची बदली झाली तेव्हा त्या तरुण नाखव्याने आम्हांला एक यंत्र भेट दिले. आता आम्ही ज्या धर्मग्रामात आहोत तेथे समुद्र नाही. आदिवासी पाड्यांवर जाताना पायवाटांचा माग ठेवण्यास ते उपयोगी पडते. त्यात एक पॉइंट त्याने आधीच भरून दिला होता, देवळाच्या अंगणाचा. तो आम्ही तांडेलाला फोन करून पडताळून घेतला. पावसाळ्यात फार हिंडणे होत नाही, तेव्हा आतले सेल काढून ठेवतो.